मंगळवार, शुक्रवार आणि लेकीची पदवी

माझी मुलगी बारावी झाली त्या उन्हाळ्यात मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जात होते. अजूनही जाते. किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी सोलापुरातल्या एका मराठी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवत होते. पुढे फळ्यासमोर उभं राहणं जमेना, म्हणून शाळेने मला ग्रंथालयात बसवलं, आणि मग तेही झेपेना तेव्हा मी घरी बसले. बसले म्हणायचं एवढंच, आडवीच जास्त असायची. डायलिसिसच्या दिवशी घरी येऊन पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं वर निघत नाही. जरा हातपाय आपले वाटायला लागतात तोवर पुढची पाळी आलेली असते. शाळेत असताना मी ‘आज फार थकले’ असं येता-जाता म्हणायचे. तेव्हा कशाला थकवा म्हणत होते, आता आठवत नाही.

त्यात आमच्या गावचा उन्हाळा. या आजारात पाणीही बेताचंच प्यायचं असतं. दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचं आणि त्यावरच संध्याकाळ गाठायची. मे महिन्यात दुपारी सोलापुरात ती बाटली समोर ठेवून बसणं म्हणजे काय, ते ज्याला करावं लागलं त्यालाच कळेल.

मिस्टर सरकारी कचेरीत लिपिक. दर आठवड्याला दोनदा रजा मिळणं शक्य नव्हतं, त्यामुळे अकरावीपासून मुलगीच माझ्याबरोबर दवाखान्यात यायची. आम्हाला ती एकटीच. माझ्या पलंगाशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ती कॉमर्सचा अभ्यास करायची. यंत्र चार तास चालायचं. मला झोप लागली की ती इकडेतिकडे बघत बसायची, आणि त्या बघण्यातूनच पुढचं सगळं सुरू झालं.

माझ्या बाजूच्या पलंगावर दुधनीचे एक आडतदार असायचे. तुरीचा व्यापार, वय सत्तरीकडे झुकलेलं, घरात कानडी आणि बाजारात मराठी. ते पहाटेच्या गाडीने एकटेच यायचे. एका मंगळवारी ते आले तर त्यांच्या यंत्रावर दुसराच पेशंट झोपलेला.

“शिस्टर, मी अंधारात घरातनं निगालोय की. माझा नंबर कुटं गेला?”

सिस्टरने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे बोट दाखवलं. पाळ्या त्या फळ्यावर मार्करने लिहिलेल्या असत. कुणाचा तरी खांदा घासला होता आणि अर्धी ओळ पुसली गेली होती. आडतदारांना दुपारच्या पाळीपर्यंत व्हरांड्यात बसावं लागलं. परतीची गाडी चुकली, ते कसे आणि कधी घरी पोचले कुणास ठाऊक.

मुलीने त्याच आठवड्यात सिस्टरच्या मागे लागून सगळ्यांच्या पाळ्या विचारून घेतल्या आणि मिस्टरांच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये तक्ता केला. बाहेरगावच्या लोकांना सकाळची पाळी, म्हणजे त्यांना उजेडात घरी जाता येईल. गावातल्यांना दुपारची. कुणाला ताप आला, कुणी आलं नाही, तर त्या जागी कुणाला बोलवायचं तेही. सिस्टरला पटलं. महिनाभर सगळं इतकं सुरळीत चाललं, की आडतदार माझ्या मुलीला ‘म्यानेजर’ म्हणायला लागले.

मग कुणाच्या तरी ओळखीचा पेशंट मध्ये घुसवला गेला. एक पाळी हलली, तिच्यामुळे दुसरी हलली. त्यातच सिस्टर बदलली. नव्या सिस्टरला लॅपटॉपमध्ये डोकं घालायला वेळ नव्हता. तिने मार्कर उचलला आणि फळ्यावर लिहायला सुरुवात केली.

“आई, तक्ता बरोबर होता ना?” मुलीने विचारलं.

“बरोबर होता.”

“मग चालला का नाही?”

मी यंत्रावर होते, पायात गोळे आले होते. मी डोळे मिटून घेतले. पण तिने तो प्रश्न सोडला नाही. बरेच दिवस तिचं काहीतरी शोधणं, वाचणं चाललं होतं. एका संध्याकाळी ती माझ्या उशाशी येऊन बसली आणि म्हणाली, “आई, याचा अभ्यास असतो. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स, एमआयएस म्हणतात. कुठली माहिती कुणाला, कधी द्यायची, आणि दिली तरी लोक ती वापरत का नाहीत, हे सगळं त्यात येतं. मला हे शिकायचंय.”

मिस्टर चहा घेत होते. “हे नक्की कॉम्प्युटर आहे की कॉमर्स?”

“दोन्ही, बाबा.”

“म्हणजे धड काहीच नाही,” ते म्हणाले. त्यांच्या डोक्यात सीए होतं, नाहीतर बँकेची परीक्षा. पण ते पुढे वाद घालत बसले नाहीत. आमच्या घरात त्या वर्षी वाद घालण्याइतकी ताकद कुणातच नव्हती.

निकाल चांगला लागला. पेढे आणले, मला एक तुकडा मिळाला. आणि मग शोधाशोध सुरू झाली. सोलापुरात त्या नावाची पदवी कुठेच नव्हती. बीसीएमध्ये त्यातलं थोडं, बीबीएमध्ये थोडं, कुठे तिसऱ्या वर्षाला तो एक विषय म्हणून. पुण्याच्या खासगी विद्यापीठांत मात्र ती पदवी नावासकट होती, आणि फी बघितली की मिस्टर चष्मा काढून पुसायला लागायचे.

एका रविवारी एका मंगल कार्यालयात शैक्षणिक मेळावा भरला. मला फार चालवत नव्हतं म्हणून मी दाराजवळच पंख्याखाली खुर्ची टाकून बसले. मुलगी आणि मिस्टर आत फिरून आले तेव्हा दोघांच्या हातात चकचकीत पिशव्या होत्या आणि मागून टाय लावलेला एक तरुण येत होता. तो माझ्यासमोर वाकून उभा राहिला.

“मॅडम, आमच्याकडे नुसती डिग्री नाही, इंडस्ट्री रेडी करतो आम्ही. तुमचं बजेट काय आहे?”

“तिथे शिकवतं कोण?” मी विचारलं.

“इंडस्ट्री एक्स्पर्ट्स, मॅडम.”

“रोज?”

तो हसला. वर्गात पाठ न केलेल्या धड्यावर प्रश्न आला की मुलं अशीच हसतात. मला त्याची कीव आली. कोवळाच होता, घाम टायवर उतरला होता, त्यालाही कुणीतरी इतकी नावं आणायला सांगितलेलं असणार. मी त्याला खुर्ची दिली. तर त्याने बसून माझाच फोन नंबर लिहून घेतला.

त्यानंतर फोन थांबेनात. आज सीट ब्लॉक करा, उद्या सवलत संपते, परवा शेवटच्या दोनच जागा. डायलिसिस चालू असताना माझा एक हात सुया लावून पट्टीत असायचा, आणि दुसऱ्या हाताशी फोन थरथरत राहायचा. आडतदार शेजारून बघत असत.

“बाई, ही मुलाकडची माणसं हायत का काय? लईच घाई करतात.”

मी हसले. हसलं की यंत्र किंचाळायचं, कारण हात हलायचा. टेक्निशियन धावत आली आणि दोघांनाही रागावली.

पुण्याला मी जाऊ शकत नव्हते. मिस्टर आणि मुलगी सकाळच्या गाडीने गेले आणि रात्री जेवायच्या वेळेला परत आले. मुलगी उभ्यानेच सांगत होती. काचेच्या भिंतींची लॅब आहे, आई. दुसऱ्या वर्षापासून कंपन्यांचे प्रोजेक्ट. ग्रंथालय इतकं थंड की मुलं स्वेटर घालून बसतात. तिचा आवाज चढलेला, गाल उन्हाने रापलेले. किती दिवसांनी तिला असं बोलताना ऐकत होते. घरात आजारी माणूस असलं की मुलं हळू आवाजात बोलायला शिकतात, आणि ती शिकली आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही.

मिस्टरांनी पाय धुतले, पंख्याखाली बसले.

“कसं आहे हो?”

“चांगलं आहे,” ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “पीएफमधून काढता येतील. उरलेलं कर्ज.” मग त्यांनी वाढलेलं ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागले.

मी रात्रभर त्याचा विचार करत बसले असं काही नाही. मला औषधाने झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं जरा ठिकाणावर आल्यावर मला माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. ती पुण्यात एका कंपनीत एमआयएस एक्झिक्युटिव्ह म्हणून लागल्याचं तिच्या आईने मला बाजारात सांगितलं होतं. मी नंबर मिळवून तिला फोन केला.

“बाई!” ती ओरडलीच. मग माझी तब्येत, शाळा, सगळं झाल्यावर मी विचारलं, “तू करतेस काय गं नेमकं?”

“खरं सांगू का, बाई? सकाळी येऊन आदल्या दिवसाचा डेटा ओढायचा, एक्सेलमध्ये बसवायचा आणि साहेबांना पाठवायचा. साहेब वरच्या साहेबांना पाठवतात. पुढे वाचतं कोण, ते मला अजून कळलेलं नाही.”

“शिकलीस कुठे?”

“आपल्या सोलापुरातच, बीसीए. माझ्या शेजारी बसतो तो पुण्याच्या मोठ्या ठिकाणचा आहे. टेबल एकच, कँटीन एकच. त्याचे हप्ते चालू आहेत, माझे नाहीत.” ती थांबली. “पण बाई, तुम्हाला खोटं नाही सांगणार. त्याला मीटिंगमध्ये बोलता येतं. मला पहिलं वर्षभर तोंड उघडता आलं नाही. इंग्रजीत कुणी काही विचारलं की मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग करायचे. आता वाटतं, त्याने पैसे त्या बोलण्याचेच भरलेत.”

“मग मी बघू काय, कॉलेज निवडताना?”

“अकाउंट्स नीट शिकवतात का बघा. डेटाबेस मुलांकडून हाताने करून घेतात का बघा. आणि शेवटच्या वर्षी खऱ्या जागी कामाला सोडतात का, ते. बाकी इमारतीकडे बघू नका. इमारतीत आपल्याला राहायचं नसतं.”

मी हे मुलीला जसंच्या तसं सांगितलं, बोलता येण्याचं धरून. तिने ते प्रश्न वहीत उतरवून घेतले.

गुरुवार हा माझा त्यातल्या त्यात बरा दिवस. त्या गुरुवारी आम्ही दोघी रिक्षाने गावातल्या एका कॉलेजात गेलो. बीसीएचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. मी प्रत्येक वळणावर कठड्याला टेकत वर गेले. वर एक प्राध्यापिका भेटल्या, तिशीतल्या असतील. परीक्षा संपून गेल्या होत्या, तरी राहिलेल्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत बसल्या होत्या. काही कॉम्प्युटर चालू, काहींवर पिवळं कापड टाकलेलं. त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली.

मुलीने तिचे प्रश्न विचारले. बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. अकाउंट्स पक्कं करून घेतो. डेटाबेसला रोज लॅब असते, दोघांत एक कॉम्प्युटर. कंपन्या इथे येत नाहीत, त्याची आशा ठेवू नकोस. शेवटच्या वर्षी मुलं एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत प्रोजेक्टला जातात.

“त्या जागा कॉलेज देतं?” मी विचारलं.

“मी देते,” त्या म्हणाल्या. “स्कूटरवर फिरून विचारते. एखादा साहेब हो म्हणतो, एखादा चहा देऊन पाठवतो.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “मॅडम, एक सांगते. मी इथे तासिका तत्त्वावर आहे. तासाचे पैसे मिळतात, तेही कधी कधी सहा महिन्यांनी. पुढच्या वर्षी मी असेन की नाही, मलाच ठाऊक नाही. माझ्याकडे बघून प्रवेश घेऊ नका.”

मेळाव्यापासून इतक्या लोकांशी बोललो होतो. स्वतःचा माल घेऊ नका म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं.

उतरताना मधल्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पायरीवरच बसले. मुलीने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की माझ्या वाट्याचं संपलंय. तिने ओढणीचं टोक भिजवून माझ्या मानेवर ठेवलं. जिन्यात कुणी नव्हतं. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

“आई, आपण हे कॉलेज का बघतोय ते मला कळतं,” ती म्हणाली.

मी मानेवरचं ओढणीचं टोक धरून ठेवलं.

“मी इथे राहावं म्हणून. आणि तसं कुणीच बोलत नाहीये. बाबा पीएफचं बोलतात, तू अकाउंट्सचं बोलतेस. तू आजारी नसतीस तर मला पुण्याला पाठवलं असतंस. हो की नाही?”

शिक्षिकेला उत्तर तयार ठेवायची सवय असते. माझ्याकडे दोन-तीन होती, सगळी बरी दिसणारी. पण त्या पायरीवर बसून मला ती उचलून बोलण्याचाही कंटाळा आला.

“हो,” मी म्हणाले. “पाठवलं असतं.”

तिचे डोळे भरले. मला वाटतं तिला ‘नाही’ ऐकायचं होतं.

“पण मी आजारी आहे,” मी म्हणाले. “नाहीये असं धरून ठरवता येत नाही. तू राहा असं मी म्हणणार नाही, जा असंही नाही. राहिलीस तर माझ्यासाठी राहिले असं पुढे कधी मनात आणू नकोस, ते मला झेपणार नाही. आणि गेलीस तर माझे मंगळवार-शुक्रवार बाबा बघतील, नाहीतर मी रिक्षाने जाईन. लोक येतातच ना दुधनीहून एकटे.”

ती पायरीवर माझ्याशेजारी बसली. ओढणीचं टोक पुन्हा पुन्हा पिळत राहिली. नंतर आम्ही हळूहळू उतरलो आणि रिक्षात दोघीही बाहेर बघत घरी आलो.

पुढच्या मंगळवारी तिने आडतदारांना विचारलं, पुणे की सोलापूर. मला वाटलं, व्यापारी माणूस आहे, नफ्यातोट्याचं काही सांगेल. ते छताकडे बघतच बोलले.

“आमच्या नातवाला आमी इंजिनेर केलं. लांब शिकाया घातलं, पैशाकडं बघितलं न्हाय. आता त्यो हैदराबादला हाय. चांगला हाय, फोन करतो. मी हितं एकटा येतोय.” त्यांनी मान वळवली. “चांगलं झालं का वाईट, ते मला अजून ठरवाया आलं न्हाय बग, पोरी. तुला काय सांगू?”

त्या शुक्रवारी तिने घरी सांगितलं की ती सोलापुरात प्रवेश घेणार. मिस्टरांनी विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “बाबा, पदवीला पैसे कमी लागतील. पुढे गरज वाटली तर एमबीएला लावू. आणि मला इंग्रजी बोलण्याचा क्लास लावा, तो आत्ताच.” तिने कारणं नीट मांडली, एकापुढे एक. त्यात मी कुठेच नव्हते. ती मला वगळून बोलत होती हे मला कळलं, आणि मी ते तिला करू दिलं.

मिस्टर उठून आत गेले. स्वयंपाकघरात नळाखाली तोंड धूत राहिले. सुटल्यासारखं वाटलं असेल, आणि तसं वाटल्याची लाजही. मी त्यांना विचारलं नाही. पुण्याहून नणंदेचा फोन आला, “एवढी हुशार पोरगी, आणि तिथेच ठेवलीत?” मी म्हणाले, “हो.” मग फोन ठेवला.

ती तीन वर्षं काही सुखाची गेली नाहीत. पहिलं वर्ष बरं होतं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्या प्राध्यापिकांना पुन्हा बोलावलंच नाही. त्यांच्या जागी आलेले सर स्क्रीनवरचं वाचून दाखवायचे. मुलगी घरी आली की दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा चिडून म्हणाली, “पुण्याला गेले असते तर.” मी चपातीचं पीठ मळत होते, मळत राहिले. ती आपली आपणच उठली, लॅपटॉप उघडून बसली. जे सर शिकवत नव्हते ते ती व्हिडिओ बघून शिकत होती. अडलं की त्या जुन्या बाईंना फोन करायची. त्या आता टेंभुर्णीच्या एका कॉलेजात तास घ्यायला एसटीने जात होत्या. बसमध्ये बसून त्या तिला समजावून सांगायच्या, मागे कंडक्टरची घंटा ऐकू यायची.

त्याच वर्षी पावसाळ्यात आडतदार यायचे थांबले. दोन पाळ्या त्यांचा पलंग रिकामा राहिला. तिसऱ्या पाळीला तिथे एक तरुण बाई आली, कुशीत फोन घेऊन रडत होती. मी सिस्टरला विचारलं. तिने नुसती मान हलवली आणि माझी सुई बसवली.

तिसऱ्या वर्षी मुलीने प्रोजेक्टची जागा स्वतःच शोधली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना. तिथे कॉम्प्युटरमध्ये दिसणारा माल आणि गोडाऊनमधला माल कधीच जुळत नसे. मॅनेजरने सांगितलं, सॉफ्टवेअरमध्ये चूक आहे, शोध. ती काही आठवडे सॉफ्टवेअरच चाळत बसली. मग एक दिवस उठून गोडाऊनमध्ये जाऊन उभी राहिली. दिवसभर उभी. तिथली माणसं आपसांत तेलुगू बोलायची. हिच्याशी आधी कुणी बोलेना, मग एका मावशींनी बसायला गठ्ठा दिला. हळूहळू तिला कळलं की गाडी दुपारी भरून जाते, पण नोंद करणारा माणूस एकच आणि त्याला संध्याकाळशिवाय सवड होत नाही. तोवर ऑफिसातले त्याच मालावर दुसरी ऑर्डर घेऊन मोकळे. सॉफ्टवेअर ठीक होतं.

“मग काय केलंस?” मी विचारलं.

“काही नाही. नोंदीचं मशीन ऑफिसातून उचलून गाडी भरतात त्या दाराशी ठेवायला सांगितलं. मॅनेजर म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. पण ते सांगायला मला तीन वेळा त्यांच्या केबिनमध्ये जावं लागलं, आई. दोनदा मी काही न बोलता परत आले.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा बोलले. मराठीतच बोलले.”

मशीन हललं. महिन्याभराने तिने सांगितलं की ते अजून दाराशीच आहे, आणि माल जुळतोय. हे सांगताना ती माझे पाय दाबत होती. तिचे हात एकदम थांबले, आणि ती नुसती हसत बसली. तिला असं हसताना बघून मला रडू आलं. अशक्त माणसाला कशानेही रडू येतं, ती म्हणाली, आणि पुन्हा पाय दाबायला लागली.

पदवी झाली. कारखान्याच्या मॅनेजरने दिलेल्या शिफारशीवर तिला पुण्यात एका कंपनीत नोकरी मिळाली. पगार बेताचा, राहायला चौघींत एक खोली. मिस्टर तिला सोडायला गेले. आता माझ्याबरोबर दवाखान्यात कुणी नसतं. ओळखीचा एक रिक्षावाला आहे, तो जिन्यापर्यंत हात देतो. स्टुलावर मी माझी पिशवी ठेवते.

कामाचं ती फोनवर सांगते. सकाळी डेटा ओढायचा, बसवायचा, पाठवायचा. माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं होतं त्याहून फार वेगळं नाही. कधी एखादा रिपोर्ट कुणीतरी खरोखर वाचतं, त्यातून काही हलतं, त्या दिवशी तिचा फोन लवकर येतो. बाकी दिवशी उशिरा येतो आणि छोटा असतो. ओळखीचे लोक मला विचारतात, स्वस्तात चांगलं झालं ना हो मुलीचं? मी हो म्हणते. पैशाच्या बाजूने पाहिलं तर झालंच. तिचे हप्ते नाहीत, मिस्टरांचा पीएफ शाबूत आहे. पण ते दुसरं वर्ष तिने भिंतीकडे तोंड करून काढलं तेही मी पाहिलंय. काचेच्या भिंतीआड ती कशी झाली असती, ते मला माहीत नाही. तिलाही नाही. आम्ही तो विषय काढत नाही.

या दिवाळीला ती आली. आल्या दिवशी जेवली आणि झोपली ती दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी उठली नाही. मिस्टर दोनदा दारातून डोकावून गेले. मी जाऊन तिच्याशेजारी पडले. मलाही पडायचंच होतं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस कापून आखूड केले होते. जरा वेळाने डोळे न उघडताच ती बोलायला लागली.

“आई, ऑफिसात नवीन कुणी आलं की विचारतात, कुठून शिकलीस. मी म्हणते, सोलापूर. मग पुढे कुणी काही विचारत नाही.”

“वाईट वाटतं का गं?”

तिने माझ्याकडे कूस वळवली.

“नाही. वेळ वाचतो,” ती म्हणाली आणि माझ्या दंडावर डोकं ठेवून पुन्हा झोपली. तो सुयांचा हात होता, दुखत होता. मी तो तसाच राहू दिला.